एकाच पत्त्यावरून

आमचा क्लास चालवणाऱ्या सरांच्या मेव्हण्यांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी निष्पक्षपणे लिहिते आहे असा कुणाचा गैरसमज नको. ते क्लासच्या नांदेडच्या शाखेत बसायचे, मी लातूरला. मध्ये अहमदपूर, लोहा आणि एसटीचे चार तास. तरीही रोज सकाळी खुर्चीत बसले की पहिल्यांदा मला तेच आठवायचे, कारण क्लासच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं होतं आणि ते चालतं ठेवणं माझ्या गळ्यात होतं.

क्लास लातूरच्या ट्यूशन एरियातल्या चार मजली इमारतीत होता. जिन्यात चपलांचा ढीग, भिंतीवर गेल्या वर्षी मेडिकलला लागलेल्यांचे फोटो, आणि तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी झेरॉक्सचं मशीन होतं त्या खोलीत, मी आणि माझा सर्व्हर. खिडकी नव्हती. एसी सर्व्हरसाठी होता. मी त्याच्या आश्रयाला होते.

व्यवस्था साधी होती. मुलानं मोबाइलवर क्लासची वेबसाइट उघडली की त्याची मागणी आधी माझ्या लातूरच्या सर्व्हरकडे यायची. प्रश्नपत्रिका, उत्तरं, गुण हे सगळं मात्र नांदेडच्या सर्व्हरवर. माझा सर्व्हर मागणी घ्यायचा, नांदेडला द्यायचा, तिकडून आलेलं उत्तर मुलाच्या हातात ठेवायचा. याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. सरांना समजावून सांगताना मी म्हटलं होतं, "सर, हॉटेलातला वेटर असतो ना, तसं."

"म्हणजे तू वेटर," सर म्हणाले. हसत म्हणाले, पण स्टाफरूममध्ये तो विनोद महिनाभर चालला. फिजिक्सचे एक सर मला बघितलं की "एक स्पेशल चहा" म्हणायचे.

त्या रविवारी सकाळी दहाला मोठी परीक्षा होती. अशा परीक्षेवर बॅच ठरायची. वरच्या बॅचला सर स्वतः शिकवायचे. खालच्या बॅचला गेल्या वर्षी इथंच शिकून नापास झालेली मुलं शिकवतात अशी बोलवा होती, आणि ती फारशी खोटी नव्हती. परभणी, बीड, उस्मानाबादहून आलेली मुलं खोल्यांमध्ये तिघं-तिघं राहत, मेसचं वरण खात, आणि वरच्या बॅचसाठी जीव टाकत.

दहा वाजून नऊ मिनिटांनी माझ्या पडद्यावर एरर वाहायला लागले. मुलांच्या मोबाइलवर पांढरं पान आणि त्यावर मोठ्या अक्षरात '५०२ बॅड गेटवे'. त्याचा अर्थ असा की पुढच्या, म्हणजे माझ्या सर्व्हरला मागच्या, म्हणजे नांदेडच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही. पण ते पान दाखवतो पुढचा सर्व्हर. त्यामुळे शिव्या पुढच्याला बसतात.

मी नांदेडला फोन लावला.

"दादा, तुमच्याकडून उत्तर येईना. कनेक्शन जुळतं आणि लगेच तिकडून तुटतं. जरा बघता का?"

"ओ मॅडम, माझ्या लॅबमध्ये दीडशे पोरं पेपर देऊन राहिलीत. समद्यांचं चालू हाय."

"लॅबमधली मुलं थेट तुमच्या सर्व्हरवर जातात. लातूरची माझ्याकडून येतात. मला तुटलेलं दिसतंय."

"मग तुमच्याकडंच काय तरी बोंबललं असंल. मागचा सर्व्हर एकदम ओके हाय."

"तोडतंय तुमची बाजू, दादा."

"माझी बाजू मला शिकवू नका," म्हणाले आणि फोन ठेवला.

सर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे स्टाफ. मी माझा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, आणि नेमकं त्याच मिनिटाला सगळं सुरळीत झालं. मला वाटलं, जमलं. मी मागे वळून म्हणाले, "झालं सर." आयुष्यात एवढ्या घाईनं बोललेले दुसरे दोन शब्द मला आठवत नाहीत. चार मिनिटांत सगळं पुन्हा गेलं. मग पुन्हा आलं, पुन्हा गेलं. सर प्रत्येक वेळी घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "तू तर म्हणालीस झालं."

साडेअकराला पेपर संपला. कुणाचे वीस प्रश्न सोडवून झाले होते, कुणाचे साठ, कुणाला लॉगिनच झालं नव्हतं. आणि बारा वाजता मेव्हण्यांच्या सॉफ्टवेअरनं, कुणी न सांगता, नेमून दिल्याप्रमाणे बॅचची यादी लावून टाकली. अर्ध्या पेपरचे अर्धे गुण. लॉगिन न झालेल्यांना शून्य. वरच्या बॅचमध्ये नांदेडची मुलं ओळीनं बसली होती.

दुपारी पालक आले. जे लातुरात होते ते चालत आले, बाकीचे औशाहून, निलंग्याहून मिळेल त्या गाडीनं. सर जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभे राहिले आणि खाली हात जोडून म्हणाले, "कॉम्प्युटरचं सगळं काम ह्या मॅडमकडं आहे. तुम्ही त्यांनाच विचारा." आणि बाजूला होऊन त्यांनी मला पुढं येऊ दिलं. एवढ्या आदरानं त्यांनी मला कधीच वाट करून दिली नव्हती.

सगळ्यात पुढं शिरूर अनंतपाळची एक बाई होती. आशा सेविका होती असं नंतर कळलं. तेव्हा फक्त तिचा आवाज कळला. एका हातात मुलीचा मोबाइल, तो माझ्या तोंडासमोर धरलेला.

"हे काय हाय ओ? बॅड म्हंजे वाईट ना? माझ्या लेकराचं काय वाईट केलंय?"

"ताई, नांदेडच्या सर्व्हरकडून..."

"नांदेडचं मला सांगू नका. मी नांदेडला पोरगी ठिवली न्हाई. तुमच्या हवाली केली. सकाळपासून लेकरू रडून राहिलंय. पासवर्ड बी बरोबर, नेट बी हाय, आन् तुमचं दार बंद!"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, कारण कुणीच ऐकत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मुद्दाम केलं असंल." तेव्हा मला हसू आलं होतं.

सोमवारी सकाळी ते हसू जिरलं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीन छापील पानं, पिवळ्या पेननं रंगवलेली. नांदेडच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून किती वाजता कुणी दार वाजवलं त्याची नोंद. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच पत्ता होता. पहिल्या पानावर तोच, दुसऱ्यावर तोच, तिसऱ्यावर तोच.

सरांनी फोन स्पीकरवर टाकला. मेव्हणे म्हणाले, "दाजी, लातूरहून एकच मशीन माझ्या सर्व्हरवर हल्ला करून राहिलं. एका मिनिटात शेकड्यानं. आन् ते मशीन ह्या मॅडमच्या खोलीत हाय. विचारा त्यांना, हाय का न्हाई."

"आहे," मी म्हणाले. "पण सर, तो पत्ता सगळ्या मुलांचा आहे. सगळी मुलं माझ्या सर्व्हरमधून जातात, म्हणून नांदेडला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो."

"चारशे मुलांचा एक पत्ता?" सर म्हणाले. "मी गणित शिकवतो बेटा."

मग मेव्हणे मुद्द्यावर आले. आठ दिवसांपूर्वी मी औरंगाबादला सरकारी भरतीची परीक्षा द्यायला एक दिवसाची रजा मागितली होती. सर नाही म्हणाले होते, आणि मी जरा चढ्या आवाजात बोलले होते. मेव्हण्यांना ते कुठून कळलं कोण जाणे. स्पीकरवरून आवाज आला: "त्यांना काय, कोट्यातून मिळून जाईल कुठं तरी. हितलं बिघडलं तर त्यांचं काय जातं?"

सरांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्या टोपणाचा टकटक आवाज माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिला.

मी भूकंपातली पोर आहे. आमचं गाव औसा तालुक्यात, पडलेल्या गावांच्या पट्ट्यात. पाच-सहा वर्षांची असेन. भूकंपाची रात्र मला फारशी आठवत नाही. नंतरच्या पत्र्याच्या शेडमधले दिवस आठवतात. एक ट्रक यायचा, चादरी आणि ताडपत्र्या घेऊन. मागच्या फळीवर एक कारकून वही घेऊन बसायचा. आमच्या ओळीतली बरीच माणसं सोलापूरच्या दवाखान्यात होती, काहींच्या घरात उठून रांगेत उभं राहील असं कुणी उरलं नव्हतं. म्हणून बाबा सहा घरांसाठी उभे राहिले. एकदा घेतलं, नेऊन दिलं, पुन्हा रांगेत. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून. चौथ्या वेळी कारकुनानं बाबांचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "एकच माणूस कितीदा येतो रे? तुम्हा लोकांची भूकच भागत नाही." बाबा म्हणाले, "साहेब, मी माझ्यासाठी न्हाई आलो. मागं सहा घरं हायत." वहीत त्यांची सही चार वेळा दिसत होती. वही कोण खोटी म्हणणार? त्या दिवशी दोन घरांना ताडपत्री मिळाली नाही, आणि गावात कुणाकुणाला बाबा चोर वाटले ते अजून वाटतात.

बाबांनी त्यावर पुढं काही केलं नाही. करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात सर्व्हर होता. मी सरांना म्हणाले, "मला तीन दिवस द्या. सिद्ध करते."

"गुरुवारी पालकांना बोलावलंय," सर म्हणाले. "त्याआधी काय ते बघ. नाहीतर मला निर्णय घ्यावा लागेल."

खोलीत गेले, दार लावलं आणि पहिलं काम म्हणून माझ्या सर्व्हरच्या सेटिंगची फाइल उघडली. पुढच्या सर्व्हरनं मागच्याला प्रत्येक मुलाचा खरा पत्ता कळवावा यासाठी तिथं एक ओळ लिहावी लागते. मुलाची मागणी पुढं देताना चिठ्ठी जोडावी, तसं. ती ओळ मी जुन्या मशीनवर लिहिली होती, हे मला पक्कं आठवत होतं. उन्हाळ्यात मशीन बदललं, फाइल नव्यानं लिहिली, आणि नव्या फाइलमध्ये ती ओळ नव्हती. मी विसरले होते. मीच.

सकाळपासून ज्या माणसाला मी मनातल्या मनात उभा-आडवा घेत होते, तो निम्मा तरी खरा ठरत होता. मी ती ओळ लिहिली, सेटिंग चालू केलं. एका सेकंदाचं काम. कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता सगळं नीट होईल अशी आशा होती, आणि नीट झालं तर आपण दोषी ठरू अशी भीतीही होती. दोन्हींतलं काहीच खरं झालं नाही. मंगळवारी सरावाच्या पेपरला दुपारी अकरा मुलं बसली होती, आणि पुन्हा सगळं तुटलं. म्हणजे माझी ओळ असली काय, नसली काय, नांदेडला फरक पडत नव्हता. ते चिठ्ठी वाचतच नव्हते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली नाही.

अकरा मुलांनी सर्व्हर दमत नाही, त्यामुळे गर्दीचा प्रश्न निकालात निघाला. मी रविवारचा माझा लॉग छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन जमिनीवर बसले. कधी तुटलं, कधी जुळलं, एवढंच लिहीत गेले. दहा नऊ ते दहा चोवीस. दहा अठ्ठावीस ते दहा त्रेचाळीस. पंधरा मिनिटं. पुन्हा पंधरा. मंगळवारचंही पंधरा. यंत्र बिघडतं तेव्हा घड्याळ बघून बिघडत नाही. पंधरा मिनिटं म्हणजे कुणीतरी ठरवून दिलेली शिक्षा होती. आणि रविवारी मी सर्व्हर बंद-चालू केला तेव्हा दहा चोवीसच झाले होते. माझं 'झालं सर' म्हणजे नुसता योगायोग.

मग प्रत्येक तुटण्याच्या अगदी आधी काय झालं ते बघितलं. कुणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न केलेला आणि नांदेडनं 'पासवर्ड चुकला' म्हणून परत पाठवलेलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यानंतर तुटलेलं. दरवेळी पाच. वेगवेगळ्या मुलांचे मिळून पाच.

बुधवारी सकाळी मी माझ्या मोबाइलवरून पाच वेळा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. पांढरं पान. खालच्या ऑफिसातल्या काउंटरवरच्या ताईंना सांगितलं, क्लासची साइट उघडा. त्यांच्याकडंही पांढरं पान. मग मोबाइलवरून लातूरला न येता थेट नांदेडच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. परीक्षेचं पान टुणकन उघडलं. मेव्हण्यांचा सर्व्हर खरंच ओके होता. तो फक्त लातूरशी बोलत नव्हता.

फोन लावला. "दादा, पाच वेळा पासवर्ड चुकला की तुमचं सॉफ्टवेअर तो पत्ता पंधरा मिनिटं बंद करतं का?"

"दार लाव रे," असं त्यांनी तिकडं कुणाला तरी सांगितलं.

"ते सिक्युरिटीचं हाय. गेल्या आठवड्यात एका पोरानं दुसऱ्याचे मार्क बघितले, तवा दाजींनीच सांगितलं पहारा बसवा म्हणून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला सांगायची गरज न्हाई. तुमचं काम फक्त पुढं ढकलायचं."

"उद्या तुम्ही येणार आहात ना?"

"दाजींनी बोलावलंय. यायलाच लागंल."

गुरुवारी ते आले. सहा फूट उंच, पांढरा शर्ट, बोटात दोन अंगठ्या आणि हातात अर्धापूरच्या केळ्यांची मोठी फणी. ती त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली, मला "काय मॅडम" म्हणाले आणि खुर्ची ओढून सरांच्या बाजूला, टेबलाच्या पलीकडे बसले. सरांनी रविवारी सगळ्यात जास्त ओरडलेल्या पाच पालकांना बोलावलं होतं. शिरूर अनंतपाळची बाई अर्थातच होती. या वेळी मुलगीही बरोबर होती. बारीक, चष्मा लावलेली, मान खाली.

सरांनी प्रस्तावना सुरू केली, "तांत्रिक बाबींमध्ये कधीकधी मानवी चूक..." मी मध्येच बोलले. सरांना मध्ये तोडायची माझी ती पहिली वेळ.

"सर, मी दोन मिनिटं घेते. सगळ्यांनी मोबाइल काढा आणि क्लासच्या साइटवर मुलांचं लॉगिन करा."

पाचही जणांनी केलं. पाचही उघडले.

"आता दादा, तुम्ही तुमच्या मोबाइलवरून तीच साइट उघडा. कुठलाही रोल नंबर टाका आणि पासवर्ड चुकीचा टाका. पाच वेळा."

"मी कशाला?" मेव्हणे म्हणाले. "तुम्हीच टाका की."

"मी टाकला तर तुम्ही म्हणाल, मशीन माझ्या खोलीत आहे."

ते सरांकडे बघायला लागले. तेव्हा शिरूरची बाई म्हणाली, "टाका की ओ. एवढी बोटं हायत."

त्यांनी टाकला. अंगठ्यानं, नाइलाजानं, एकेक अक्षर दाबत. एक. दोन. तिसऱ्या वेळी त्यांचा अंगठा थांबला. मला वाटतं तेव्हाच त्यांना पुढचं सगळं कळलं होतं. चार. पाच.

"आता सगळ्यांनी आपापलं पान पुन्हा उघडा," मी म्हणाले.

औशाच्या एका गृहस्थांनी आधी मोबाइल हलवून बघितला, मग चष्मा वर करून. "माझं गेलं," ते म्हणाले. "माझं बी," दुसरे म्हणाले. शिरूरच्या मुलीनं मान वर केली आणि आईला पडदा दाखवला. पाचही मोबाइलवर तेच पांढरं पान. मला बरं वाटलं असं म्हणणं कमी होईल. मला त्या माणसाच्या अंगठ्या काढून त्याच्याच हातात द्याव्यात असं वाटलं.

"म्हंजे," बाई सावकाश म्हणाली, "एकानं पासवर्ड चुकवला की समद्यांचं दार बंद?"

"कुणीही मिळून पाच वेळा चुकवला की. लातूरची सगळी मुलं माझ्या सर्व्हरमधून जातात. नांदेडच्या सॉफ्टवेअरला वाटतं एकच माणूस आहे आणि तो सारखा पासवर्ड चुकवतोय. मग ते पंधरा मिनिटं दार लावून घेतं."

"आन् नांदेडच्या लेकरांना हे न्हाई?"

"नाही. ती थेट जातात."

मेव्हणे खुर्चीत पुढं झाले. "एक मिनिट. पुढच्या सर्व्हरनं पोरांचा खरा पत्ता मागं पाठवायला पायजे. तसा नियमच हाय. तुम्ही पाठवता का?"

केबिनमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "पाठवते. तुमचं सॉफ्टवेअर वाचत नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती. पहिलं वाक्य सोमवारपासून खरं होतं. रविवारी ते खोटं ठरलं असतं, पण रविवारी कुणी विचारलं नव्हतं.

"आणि वाचलं तरी पुरणार नाही," मी लगेच पुढं बोलले, कदाचित त्या वाक्यापासून लांब जायला. "एका होस्टेलात चाळीस मुली एका वायफायवर असतात. त्यांचा पत्ता एकच. एकीनं चुकवलं की चाळीस बाहेर. मोजायचं असेल तर पत्ता मोजू नका, रोल नंबर मोजा. ज्याचा पासवर्ड चुकतो त्याचंच दार लावा."

सर म्हणाले, "ठीक आहे, तांत्रिक विषय आहे, दोघं बसून सोडवा." आणि उठायला लागले. पण बाई उठली नाही.

"सर, माझी पोरगी खालच्या बॅचला का हाय?"

"यादी लागली आहे ताई. आता बदलली तर नांदेडचे पालक..."

"नांदेडच्या पालकांनी दार उघडं असताना पेपर दिला. माझ्या लेकरानं बंद दारासमोर दिला. तुमच्याच माणसानं तुमच्याच समोर बंद करून दाखवलं आत्ता. आता म्हणा, यादी बरोबर हाय म्हणून."

औशाचे गृहस्थ म्हणाले, "बरोबर हाय बाईचं." मग बाकीचेही. सर दोन वेळा पाणी प्यायले आणि म्हणाले की लातूरच्या मुलांची परीक्षा पुन्हा घेऊ. पालक गेल्यावर केबिनमध्ये आम्ही तिघंच राहिलो. सोमवारची तीन पिवळी पानं अजून टेबलावर होती. सरांनी ती उचलून खणात टाकली, फणीतून एक केळं तोडलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घे. झालं ते झालं."

"हल्ला केला म्हणाला होतात," मी म्हणाले.

"मी कुठं म्हणालो? तो म्हणाला."

मेव्हणे मोबाइलमध्ये बघत होते. मी केळं घेतलं नाही. पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज गेला: तांत्रिक अडचण दूर करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. रविवारी जिन्यात उभं करून ज्यांच्यासमोर मला पुढं केलं होतं, त्या सगळ्यांना माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटत राहिलं. मी सरांना म्हणाले, ग्रुपवर लिहा की चूक नांदेडची होती. ते म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहू दे. मी त्यांच्या घरातली झाले आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मेव्हण्यांनी रोल नंबरवर मोजायचा बदल करायला चार दिवस लावले. तासाभराचं काम होतं. औरंगाबादची परीक्षा मी रजा न मागता देऊन आले. निवड झाली नाही. त्या खोलीत आणखी वर्षभर काढलं. त्या वर्षात मेव्हण्यांशी मी फोनवर एक शब्द बोलले नाही, सगळं लेखी. तेही लेखीच उत्तर द्यायचे, आणि सरांना प्रत पाठवायचे.

लातूरची परीक्षा दुसऱ्या रविवारी झाली. एकदाही तुटलं नाही. शिरूरच्या मुलीनं पूर्ण पेपर दिला आणि वरच्या बॅचपासून सहा मुलांनी मागं राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी ती बाई पुन्हा आली, मुलीचे कागद परत घ्यायला. काउंटरवर काम झाल्यावर तीन जिने चढून माझ्या खोलीत आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"उदगीरला ठिवते आता पोरीला," ती म्हणाली. "माझी बहीण हाय तिथं."

"पेपर चांगला दिला तिनं. सहानंच राहिली."

"तिच्या नशिबानं राहिली, त्याचं काय न्हाई." खोलीकडं, तारांकडं, एसीकडं तिनं एक नजर टाकली. "तुमचा दोष नव्हता, कळलं मला. त्या दिवशी लई बोलले मी, ते बी कळतंय. पण एक सांगू? पेपर चालू असताना पोरीनं तुमच्या नंबरला सात वेळा फोन केला. वेबसाइटवर मदतीसाठी म्हणून तुमचाच नंबर हाय. तुम्ही एकदा बी उचलला न्हाई."

खरं होतं. त्या सकाळी मोबाइल सारखा वाजत होता आणि मी तो टेबलावर पालथा घालून ठेवला होता.

"उचलून मी काय सांगणार होते ताई? मलाच माहीत नव्हतं."

"तेच सांगायचं," ती म्हणाली. "म्हणायचं, पोरी, मला बी माहीत न्हाई. लेकराला वाटत होतं, तिचीच काय तरी चूक झाली."

कागदांची पिशवी काखेत मारून ती जिना उतरायला लागली. मी दारात उभी होते. खालून कुणीतरी मला हाक मारत होतं, प्रिंटर अडकला म्हणून.